पितराला 'उद्या या' म्हटलं, त्याची गोष्ट

राजापेठेतल्या घराला मी कुलूप लावत होते, आणि माझी मोठी जाऊ सुमनबाई दह्याची वाटी हातात घेऊन पायरीवर उभी होती. ती खास त्यासाठी बार्शीटाकळीहून पहिल्या गाडीने आली होती, पण दही काही माझ्या हातावर ठेवत नव्हती. खाली ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला होता. समोरच्या ट्यूशनच्या पोरांनी गल्लीभर गाड्या आडव्या लावलेल्या. माझा मुलगा प्रशांत अकोल्याहून मला बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडायला आला होता. तो माझी बॅग उचलून पाहत होता, खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता. तोंडाने काही बोलत नव्हता. न बोलणं हा त्याने बापाकडून घेतलेला निषेधाचा प्रकार.

"वच्छला," जाऊ म्हणाली, "पितरं तोंडावर आले, अन् तू घराले कुलूप लावून चालली. थो बिचारा येईन तं कोठी जाईन?"

तो बिचारा म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"जिते होते तवा ते कोठी गेले नाहीत," मी म्हटलं. "आता काय जातीन?"

"हास माय, हास. घरी भेटली नाही तं धुंडत येईन तुले."

"विमानानं?"

मग तिने दही ठेवलं. जरा जोरातच.

माझ्यासारख्या उशिरा निघालेल्या बायांसाठी मी हे लिहिते आहे. कोणी सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या, कोणी पुण्याला लेकाच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या. आणि ज्यांची बॅग अजून माळ्यावरच आहे, त्यांनीही वाचावं. मी कोणाच्या बाळंतपणाला गेले नाही. मी पोर्तुगालला लोकांच्या घरांची झाडझूड करायला गेले. सुमनबाईच्या भाषेत सांगायचं तर, "आपल्या घरी मोलकरीण ठेवते अन् दुसऱ्याच्या घरी मोलकरीण व्हाले जाते."

याच्या आधी मी घर एकदाच सोडलं होतं, एकविसाव्या वर्षी लग्न होऊन, अकोल्याच्या माहेराहून अमरावतीला. त्या येड्या पोरीची मला आज फार गंमत वाटते. बसमध्ये ती मूर्तिजापूरपर्यंत रडली, मूर्तिजापूरला नवऱ्याने आणलेली भजी खाल्ली, आणि तोंड पुसून पुढे बडनेऱ्यापर्यंत पुन्हा रडली. आईने सांगितलं होतं, "मांगं पाहू नको, मांगं पाहिलं का पाय अडकते." म्हणून मान अशी ताठ धरून बसली की अमरावतीला उतरल्यावर मान वळेना. भर दुपारी कोणी दारात उभं राहून नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ती ओ द्यायची नाही. ओ दिली की जीव नेणारी हाकामारी असली तर? दूधवाला, पोस्टमन, घरमालकीण, सगळ्यांना दोन-दोनदा ओरडावं लागायचं. घरमालकिणीचा बरेच दिवस समज होता की नवी नवरी कानाने अधू आहे.

पुढे हीच बया एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसली. परतवाडा, यवतमाळ, नागपूर, इंदूर. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती रद्द, कोणती उशिरा, सगळं तोंडपाठ. बसली एकीतही नाही. आमचे हे नांदगाव पेठेला सूतगिरणीत सुपरवायझर. "रिटायर झालो का जाऊ कुठंतरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिटायर झाले तेव्हा म्हणाले, उन्हाळा निघू दे. मग पाऊस निघू दे. मग तेच निघाले.

नातीने मोबाइलवर ती जाहिरात दाखवली तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते आणि पासपोर्टच्या फोटोत पासष्टची दिसत होते. प्रशांतची अट एकच होती: "एकदा जाऊन ये आई. मग मात्र अकोल्याला, माझ्याकडे."

पोर्तुगालच्या आतल्या डोंगरांत अशी गावं आहेत की तिथली माणसं फ्रान्सला, स्वित्झर्लंडला कामाला गेली आणि तिकडचीच झाली. ऑगस्टात येतात, गलका करतात, जातात. बाकी वर्षभर घरं बंद. बंद घर दगडाचं असलं तरी आतून कुजतं, म्हणून तिथली एक संस्था हातीपायी धड असलेल्या निवृत्त लोकांना बोलावते. राहायला घर आणि वाणसामान त्यांचं. आपण रोज ठरलेली घरं उघडायची, खिडक्या सताड करायच्या, नळ सोडायचे, चूल पेटवायची, भिंतीची बुरशी पुसायची. आणि मग थोडा वेळ तिथे नुसतं बसायचं. हे बसणंसुद्धा कामातच मोडतं. माझ्या जोडीला इंगे नावाची डच बाई होती. जन्मभर नर्स होती, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द औषधाच्या डोसासारखा. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "खिडकी उघडून लगेच पळायचं नाही. खुर्चीत बसायचं. घराला माणसाचा श्वास लागतो."

आधी आठवडाभर मी लिस्बन पाहून घेतलं. ट्राममध्ये बसले, समुद्राच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढले, आणि बाजारात बटाट्याला बटाटाच म्हणतात हे ऐकून भाजीवालीचा हात धरून हसले. पावालाही जवळपास पावच. मला वाटलं, हे तर आपलंच गाव निघालं. रविवारी रविवारी इंगेच्या खटारा गाडीतून आम्ही किल्ले पाहिले, नद्या पाहिल्या, एका ठिकाणी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो. ते सगळं छान होतं. त्याचे फोटो आहेत.

गावाचे फोटो मात्र मी कोणाला दाखवत नाही.

काळ्या दगडाची घरं, काळ्या पाट्यांची छपरं, आणि उतारावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. सप्टेंबरातलं ऊन, अंजिरं पिकून फुटलेली, आणि आवाज म्हणाल तर काही नाही. चर्चची घंटा विजेवर चालायची, वाजवणारा कोणी नव्हताच. पाववाल्याची गाडी सकाळी यायची, आमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून तशीच वळायची. घरं उघडत गेले तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक घरात भिंतीवर फोटो, आणि सगळ्या फोटोंत एकच भुवई. मध्ये जुळलेली, जाड. गावच एका वंशाचं. या घरात ती भुवई नवरदेवाच्या कपाळावर, त्या घरात शिपायाच्या, पुढच्या घरात तान्ह्या पोराच्या. मी खुर्चीत बसायची आणि ते सगळे माझ्याकडे पाहायचे. एका घरात जेवणाचं टेबल मांडलेलं तसंच होतं, ताटं, काटे, ग्लास, खुर्च्या थोड्या मागे सरकवलेल्या. कोणी नुकतंच हात धुवायला उठावं तशा. तिथे बसताना मी काठावरची खुर्ची घ्यायची. यजमानाची जागा घेऊ नये, एवढं वळण मला आहे.

एकवीस वर्षांची वच्छला तिथे असती तर पहिल्या घरातच तिने बोंब ठोकली असती. मी मात्र आता मोठी. मी गाणी म्हणायची. जरा मोठ्यानेच.

आणि मग ह्यांची तिथी आली.

आमच्या वऱ्हाडात पितराच्या दिवशी नुसतं कावळ्याला पान टाकून भागत नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने एक जिवंत माणूस जेवायला सांगतात. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. त्या दिवशी तोच पितर. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आधी त्याला वाढायचं, निघताना टोपी-दुपट्टा द्यायचा. गेल्या वर्षी अकोल्याला ह्यांच्या नावाने सूतगिरणीतले त्यांचे एक जुने जोडीदार जेवले होते. या वर्षी प्रशांत म्हणाला, "आम्ही करू इकडे. तू तिकडे काही नको करूस." पण राहवेना. मी अमरावतीहून उडदाची डाळ घेऊनच निघाले होते. म्हणजे करायचं हे मनात होतंच की.

पुरुष म्हणून गावात एकच होता. चर्चच्या वरच्या अंगाला राहणारा म्हातारा, सेन्योर आर्मिन्दो. बायको कधीच वारलेली, लेकरं परदेशी. मी त्याला लांबूनच पाहिलं होतं, काठी टेकत पाण्यावर जाताना. मी त्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिले, हाताने जेवण्याची खूण केली, माझं दार दाखवलं, आणि सूर्य डोक्यावर आला की या असं बोट वर करून सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हॅट काढली.

वडे, कढी, तांदळाची खीर, कोहळ्याची भाजी. कोहळं तिथे ढिगाने. मी जपून ठेवलेलं पांढरं सुती लुगडं नेसले, बाकी दिवस पँट आणि बुटांत असायची. बाराची घंटा झाली आणि काठीचा आवाज आला. उंबऱ्याशी मी त्याला थांबवलं, बूट काढायला लावले, तांब्याने त्याचे पाय धुतले. तो थरथरत होता. मला वाटलं, पाणी गार आहे. कपाळाला गंध लावलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला. मला वाटलं, आभार मानतो आहे.

ताट ठेवलं. त्याने ताट थोडं पुढे सरकवलं, मोकळ्या झालेल्या जागेवरून तळहात दोनदा फिरवला, आणि ताट पुन्हा ओढून घेतलं.

बायांनो, हे ह्यांचं. अगदी हेच. सूतगिरणीतल्या माणसाला कापसाचे तंतू जिथेतिथे दिसतात, म्हणून जेवायच्या आधी जागा पुसायची सवय. लग्नात उष्ट्या हाताने मी हसले होते त्यावर.

मी हातातला कढीचा चमचा खाली ठेवला. मग स्वतःला म्हटलं, वच्छला, म्हाताऱ्या माणसांच्या सवयी जगभर सारख्याच असतात. ह्यांची दुसरी सवय होती जेवण झालं की पाण्याचा ग्लास पालथा घालायची, 'झालं' म्हणून. या माणसाने ग्लासात घोटभर पाणी ठेवलं आणि ग्लास उभाच राहू दिला. तेवढ्याने माझ्या जिवात जीव आला. त्याने सगळं संपवलं, एक शब्द न बोलता. मी त्याच्या खांद्यावर नांदगाव पेठेचा नवा टॉवेल टाकला आणि तो दारात हॅट काढून उभा राहिला. कोणी निघताना काहीतरी बोलावं लागतं ना? मला त्या भाषेतलं एकच वाक्य धड यायचं, इंगेने पाववाल्यासाठी शिकवलेलं. मी ते म्हटलं.

"अते अमान्यां."

म्हणजे, उद्या भेटू.

तोंडातून शब्द गेला आणि मला माझी सासू आठवली. पितराचं जेवण झालं की ती आम्हा सुनांना स्वयंपाकघरात कोंडून ठेवायची, कारण आम्हाला 'या बरं का' म्हणायची खोड. ती म्हणायची, "पितराले पोटभर घाला, पन 'या' मनू नका. ये मनलं का थो येते. अन् आला का एकटा जात नाही."

दुसऱ्या दिवशी बाराची घंटा झाली आणि काठीचा आवाज आला.

टॉवेल खांद्यावर. हॅट हातात. तो दारात उभा राहिला आणि बूट काढून पाय पुढे केले. मी धुतले. काय करणार? तो जेवला, उठला, दारात थांबला. मी ओठ मिटून घेतले. पण तो हलेना. माझ्या तोंडाकडे पाहत उभाच. शेवटी मीच कच खाऊन पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि तो लगेच गेला, सुटल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तेच.

मी सुमनबाईला व्हिडिओ कॉल लावला. ती वाटाणे सोलत होती.

"तू त्याले 'या' मनलं का?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला. मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

"त्यांच्या भाषेत मनलं."

"भाषेनं काय होते? मनलं ना?" तिने वाटाण्याचं ताट बाजूला सारलं. "वच्छला, मले सांग, तब्येत कशी हाये तुही?"

"चांगली हाये. चढ चढताना जराक दम लागते."

तिने मोबाइल तोंडाजवळ ओढला.

"सर्वपित्रीच्या अवसेले सगळे वापस जातेत," ती म्हणाली. "त्याच्या आत धाडून दे त्याले. ज्याले जेवू घातलं त्याच्या तोंडावर सांगा लागते, आता येऊ नका. नाई तं तू काही घरी येत नाहीस, माय."

हसायला पाहिजे होतं. जन्मभर मी सासूच्या या गोष्टींवर हसत आले, निदान नोकरी लागल्यानंतर तरी. पण हसण्यासाठी माणसाला गर्दी लागते. राजापेठेत हॉर्नच्या आवाजात कोणतंही भूत टिकत नाही. तिथे त्या काळ्या उतारावर, बारा वाजता, एकच काठी वाजते आणि ती आपल्या दाराकडे येते, तेव्हा एकवीस वर्षांची वच्छला मागच्या खोलीतून बाहेर येते आणि म्हणते, मी सांगत नव्हते? पहिल्या हाकेला ओ देऊ नये.

तोंडावर 'येऊ नका' म्हणायला पाहिजे होतं, आणि तेच जमेना. एक तर तो म्हातारा. एकटा. जेवायला येतो, चोरी करत नाही. भुकेल्या माणसाला दारावरून परत लावायचं आमच्या घराण्यात कोणी केलं नाही. आणि दुसरं, खरं कारण असं की तो टेबल पुसायचा तेव्हा मी बघत बसायची. भीती वाटायची आणि बघत बसायची.

म्हणून मी पळवाट काढली. चौथ्या दिवसापासून ताट वाढून बाहेरच्या दगडी ओट्यावर ठेवायचं, वर वाडगं झाकायचं, शेजारी पाण्याचा ग्लास, आणि घंटेच्या आधीच वरच्या आळीत खिडक्या उघडायला निघून जायचं. तोंडच दाखवायचं नाही.

परत आले तेव्हा ताट रिकामं होतं. बोटाने निपटून घेतलेलं. आणि ग्लास पालथा.

मी बराच वेळ लांब उभी राहिले. मग स्वतःला सांगितलं, आज पाणी संपवलं असेल, ग्लास पालथा घातला असेल. पण पुढच्या दिवशीही पालथा. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, जसजसे दिवस जात आहेत तसतसा हा माणूस ह्यांच्यासारखा होत चालला आहे. चढ चढताना आता मी मध्येच थांबायला लागले होते. दम खरंच लागत होता की सुमनबाईला सांगितल्यामुळे लागत होता, कोण जाणे. बंद घरांत खुर्चीत बसले की फोटोंकडे पाठ करून बसायची. गाणी बंद झाली.

अमावास्या परवावर आली तेव्हा मी इंगेला सगळं सांगितलं, माझ्या चौकशी-खिडकीच्या इंग्रजीत. पितर, पाय, 'उद्या भेटू', सासू. ती आधी हसली. मग माझी नाडी धरली. मग म्हणाली, "नाडी उत्तम आहे. पण तुझा चेहरा चांगला नाही. चल, मी त्याला विचारते. मला त्यांची भाषा येते."

आर्मिन्दोने दार अर्धंच उघडलं. एका डोळ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, पट्टीने चिकटवलेलं. झाकणाआडच्या त्या डोळ्याने त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. नीट, वाकून. आमच्याकडे भुताचे पाय उलटे असतात म्हणून लहानपणी आम्ही अनोळखी बाईचे पाय बघायचो, अगदी तसं. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि इंगेला काहीतरी म्हणाला. इंगेचं तोंड उघडंच राहिलं.

"तो म्हणतो, ही तर माणूस आहे."

मग त्याने आम्हाला आत घेतलं, आणि इंगेने एकेक वाक्य उलगडून सांगितलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला तेव्हा दिसायच्या फक्त आकृत्या. त्याने पाहिलं होतं की कित्येक हिवाळे बंद असलेल्या घरांच्या खिडक्या एक बाई उघडते, आत बसते, परक्या भाषेत गाते, निघून जाते. मग एक दिवस तीच त्याच्या वाटेत उभी राहिली आणि बोट आकाशाकडे करून तिने त्याला बोलावलं. तो गेला. ती पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. तिने त्याचे पाय धुतले. त्याच्या बायकोचे पाय, ती गेल्यावर, असेच धुतले होते. तिने त्याला विना मांसाचं, विना दारूचं जेवण दिलं आणि म्हणाली, उद्या भेटू.

"मेलेल्या बाईने उद्या भेटू म्हटलं तर जावं लागतं," आर्मिन्दो म्हणाला. "नाही गेलं तर ती न्यायला येते."

म्हणून तो येत होता. भीतीने, रोज, गपचूप. दारात थांबत होता तो मी सोडावं म्हणून, आणि मी दरवेळी त्याला पुन्हा बोलावत होते! मी त्याला मेलेला समजून वाढत होते आणि तो मला मेलेली समजून जेवत होता. इंगे गुडघ्यावर थापा मारून हसायला लागली. मी हसले. आर्मिन्दो दात नसलेलं तोंड उघडून हसला, आणि खीर चांगली होती म्हणाला, मेलेल्या बाईच्या मानाने.

मग तो म्हणाला, "बरं झालं भाची आली आणि मला डोळ्यासाठी शहरात घेऊन गेली. काल संध्याकाळी परत आलो. इतके दिवस तिथे होतो, तर जीव शांत होता."

इंगेने ते सांगितलं आणि तिचं हसू थांबलं. मी विचारायच्या आधीच तिने त्याला विचारलं, केव्हा गेलात? त्याने सांगितलं. तीनदा जेवला, चौथ्या दिवशी सकाळी भाची आली.

चौथ्या दिवसापासून मी ताट ओट्यावर ठेवत होते.

"मी नाही," इंगे म्हणाली. तिचा चेहरा असा होता की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. पाववाला सकाळीच जातो. कुत्रं वाडगं उचलून बाजूला ठेवत नाही, आणि ग्लास तर नाहीच. आर्मिन्दोने छातीवर क्रूस काढला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता बाई, हे तुझं तू बघ.

अवसेच्या दिवशी मी पुन्हा सगळं रांधलं. आर्मिन्दो आला, या वेळी स्वतःच्या पायाने, स्वतःची वाइन आणि पाव घेऊन, जेवायलाच. इंगे आली. त्यांना आत वाढलं. आणि एक ताट मी बाहेर ओट्यावर नेलं. वाडगं झाकलं नाही. पळालेही नाही. ताटाच्या बाजूला दगडावर बसले. ऊन असं की डोळे मिटावेत. घंटा झाली. अंजिराच्या पानांत एक पान हलत नव्हतं.

तोंडावर सांगा लागते, सुमनबाई म्हणाली होती. तोंड कुठे होतं? रिकामी जागा होती, एका माणसाला पुरेल एवढी, आणि मी का कोण जाणे तिच्या बाजूला थोडं सरकूनच बसले होते. बसमध्ये बसतात तशी. 'येऊ नका' ओठांवर आणलं आणि ते बाहेर पडेना. जन्मभरात त्या माणसाला मी 'जा' म्हटलेलं नाही, म्हणायची वेळच आली नाही, तो कुठे जातच नव्हता. आणि आता माझ्यामागे एवढ्या दूर आला. तिकीट न काढता, रजा न टाकता. उन्हाळा निघू दे न म्हणता. कोणी आलं असेल तर. मी शपथेवर सांगत नाही.

पण त्याच्याबरोबर जायचं नव्हतं मला. हे मात्र मला त्या दगडावर बसून इतकं लख्ख कळलं की मलाच लाज वाटली. मला अजून घरं उघडायची होती. पुढच्या वर्षी इंगे समुद्राकाठच्या गावी जाणार होती, तिथे जायचं होतं. ताटातली खीर बघून मलाच भूक लागली होती.

मग मी ते म्हटलं, जे आपण बाया घराला कुलूप लावताना, देवळात चप्पल शोधताना, लग्नात कोणाशी बोलत रेंगाळताना नवऱ्याला म्हणतो.

"तुमी व्हा पुढं. मी येतो मांगून."

आणि आत जाऊन जेवायला बसले.

नंतर पाहिलं तर ताट जसंच्या तसं होतं. कढीवर साय धरली होती, वड्याला मुंग्या. ते बघून मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी ओट्यावर बसून रडले, मूर्तिजापूरपर्यंत रडले होते त्याहून जास्त. आर्मिन्दोने ताट उचललं, कोंबड्यांना नेऊन घातलं, आणि जाताना, थोडा विचार करून, कुठलंही 'उद्या भेटू' न म्हणता, नुसता हात हलवून गेला. शहाणा माणूस.

आता मी राजापेठेत आहे आणि पुन्हा बॅग भरते आहे. अकोल्याचा विषय निघतो, बारगळतो. परवा प्रशांतने विचारलं, "आई, एक सांग, तुला घरी असल्यासारखं कुठे वाटतं? इथे, तिकडे, की माझ्याकडे?" मी म्हटलं, "जिथं मले कोणी बलावून नाही राहिलं, तिथं." त्याला वाटलं मी टोमणा मारला. थोडा मारलाच होता. पण खरंही होतं. आईच्या घरून सासरने बोलावलं, सासरहून नोकरीने, मग ह्यांनी, मग लेकाने. त्या दिवशी जेवून उठल्यावर त्या काळ्या गावात कोणीच मला बोलावत नव्हतं, आणि मी हात धुवून, त्या मांडलेल्या टेबलाच्या घरात जाऊन, काठावरची सोडून, मधल्या खुर्चीत बसले होते.

सुमनबाईला शेवटी काय म्हटलं ते मी सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अव माय! हे काय मनणं झालं? येतो मनून बसली तू त्याले!"

हो, म्हटलं आहे. मागून येते म्हटलं आहे, आणि दिलेला शब्द मी मोडत नाही. केव्हा येते, ते मात्र म्हटलेलं नाही.